निळूभाऊंचा दबका आवाज : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात तंबू टॉकीजच्या आठवणी सांगताना मी एक वाक्य लिहिलं होतं, की मराठी पडद्यावर निळू फुल्यांइतका खरा खलनायक दुसरा झाला नाही. त्यावर बरीच पत्रं आली, काही प्रेमाची, काही भांडणाची. म्हणून या वेळचं सगळं सदर निळूभाऊंना देतो. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की लिहायला लागण्याआधी मी सातारा-सांगलीकडच्या जत्रांमध्ये फिरत्या तंबूत ऑपरेटर होतो. निळूभाऊंचे सिनेमे मी प्रोजेक्टरशेजारी उभा राहून, रोज रात्री तेच तेच रीळ चालवत पाहिले आहेत.

काका, आमच्या पिढीला निळू फुले म्हणजे ‘बाई, वाड्यावर या’ एवढंच माहीत आहे. मोबाइलवर त्यांची चित्रं फिरतात, गॅदरिंगला कुणीतरी त्यांची मिमिक्री करतं आणि सगळे हसतात. त्यांच्यात नक्की एवढं काय होतं?
*– एक विद्यार्थिनी, बार्शी*

पोरी, ती मिमिक्री मीही पाहतो. डोळे वटारायचे, ओठांवरून जीभ फिरवायची, आवाज घोगरा करून ओरडायचं. मला त्याचं वाईट वाटतं, कारण निळूभाऊ ओरडायचे नाहीत. त्यांची सगळी दहशत दबक्या आवाजात होती.

तंबूत माझ्या हाताशी अ‍ॅम्प्लिफायर असायचा. नायक बोलत असला की आवाज एका जागी ठेवून मी चहा प्यायला मोकळा. निळूभाऊंचा प्रसंग आला की मात्र बटणावर हात ठेवून बसावं लागायचं. बोलता बोलता ते आवाज इतका खाली न्यायचे की मागून आरडाओरडा व्हायचा, ‘आवाऽज!’ मी बटण फिरवायचो. तेवढ्यात तंबूच गप्प झालेला असायचा. शेंगा फोडायच्या थांबलेल्या, कडेवरचं पोर रडायचं थांबलेलं. मग मला आवाज परत कमी करावा लागायचा. हे दुसऱ्या कुठल्या नटाच्या वेळी झालेलं मला आठवत नाही.

आता त्यांचा एखादा जुना सिनेमा लाव आणि त्यांची मान बघ. समोरच्या माणसाकडे ते लगेच पाहत नाहीत. आधी तिसरीकडेच बघतात, म्हणजे समोरचा त्यांच्या खिजगणतीतच नाही. मग नुसती बुबुळं वळतात, मान त्यानंतर. वाक्याच्या अधेमधे थांबतात आणि ज्या शब्दात धमकी आहे तो शब्द सगळ्यात मऊ उच्चारतात. ‘बघा बुवा, तुमची मर्जी’ असं ते म्हणाले की ऐकणाऱ्याला कळायचं, आपली काही मर्जी उरलेली नाही.

तू म्हणतेस ते वाक्य त्यांच्या नावावर इतकं चिकटलंय की दुसरं काही ऐकायला कुणी तयार नाही. मी त्यांची जेवढी रिळं चालवली त्यांत मिमिक्रीतल्या सुरातलं ते वाक्य मला एकदाही भेटलं नाही. भेटला तो वेगळाच माणूस.

तंबूत एकच प्रोजेक्टर असायचा. एक रीळ संपलं की दिवे लागायचे आणि दुसरं चढवेपर्यंत खेळ थांबायचा. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये कनात. त्या थोड्या वेळात बायकांच्या बाजूने काय काय ऐकू यायचं! ‘मुडदा बशिवला मेल्याचा’, ‘त्याच्या तोंडात माती पडो’. एकदा एका म्हातारीने सरळ आपल्या गावातल्या एका बड्या माणसाचं नाव घेतलं, ‘ह्यो त्याचाच भाऊ दिसतोय.’ सगळा तंबू हसला आणि लगेच गप्पही झाला, कारण त्या बड्या माणसाची माणसं पुढच्या खुर्च्यांवर बसली होती. पोरी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या म्हातारीने फार आधी देऊन ठेवलंय. लोकांना पडद्यावर आपल्या गावातला माणूस दिसत होता.

निळूभाऊंना सदा न कदा पाटील, सरपंच, चेअरमन अशाच भूमिका का मिळाल्या? त्याआधीच्या मराठी सिनेमात तर खलनायक म्हणजे सावकार असे.
*– एक निवृत्त ग्रामसेवक, नाशिक जिल्हा*

साहेब, तुमची उभी नोकरी गावगाड्यात गेली, तेव्हा उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. तरी माझ्या बाजूने सांगतो.

सावकाराच्या हातात वही आणि गहाणखत. त्याचा जुलूम सरळ दिसायचा. स्वातंत्र्यानंतर गाव बदललं. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसणारा जमिनीचा मालक झाला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रात चिमण्या उभ्या राहत गेल्या. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. या सगळ्याने लाखो शेतकऱ्यांच्या घरात पैसा आला, पोरं शिकली. मीही त्यातलाच एक, माझी फी उसाच्या बिलातून भरली गेली. त्यामुळे सहकाराला सरसकट नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही.

पण याच व्यवस्थेतून एक नवा माणूसही तयार झाला. कारखाना त्याचा, बँक त्याची, बाजार समिती त्याची, हायस्कूलही त्याचंच. निवडून आलेला, खादी घातलेला, सगळ्यांना ‘या, बसा’ म्हणणारा. त्याला कुणाला काठी मारायची गरज नव्हती. तुमचा ऊस तोडणीला आला आणि त्याने टोळी पाठवली नाही, की काम झालं. ऊस शेतात वाळतो, वजन उतरतं, तुरा येतो, वर्षभराचे कष्ट फुकट. शेतकरी हातापाया पडत त्याच्या दारात जातो आणि तो शांतपणे म्हणतो, ‘अहो, टोळ्याच कमी पडल्यात, मी काय करणार?’

या माणसाचा आवाज चढत नाही, कारण चढवायची गरजच नसते. निळूभाऊंनी ही गोष्ट हेरली होती, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्या आधीचे खलनायक मिशीला पीळ देऊन गडगडाटी हसायचे. निळूभाऊंनी तो थाट टाकून दिला आणि सत्ता ज्याच्या अंगात मुरली आहे असा माणूस उभा केला. तंबाखू मळत ते एखाद्याचं वाटोळं करून टाकायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब जुळल्याचं समाधान असायचं. सत्तरच्या दशकात गावोगाव हे खरोखर चाललेलं होतं, म्हणून त्या भूमिका त्यांच्याकडे येत राहिल्या. नंतर निर्मात्यांनी त्याचा साचा केला हेही खरंच. पुढेपुढे पाच-पाच सिनेमांत तोच वाडा, तोच झोपाळा. तसल्या सिनेमांची पेटी एसटीने आली की मला उघडायचाही कंटाळा यायचा. पण त्या फालतू सिनेमांतही त्यांची एन्ट्री झाली की मी परत खिडकीशी उभा राहायचो.

ते आधी माळी होते म्हणतात. हे खरं आहे की दंतकथा?
*– एक वाचक, चिंचवड*

खरं आहे. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत ते माळीकाम करायचे. पगार ८० रुपये आणि त्यातले १० रुपये दर महिन्याला राष्ट्र सेवा दलाला, म्हणजे समाजवादी विचारांच्या तरुणांच्या संघटनेला. आपली रोपवाटिका काढायची त्यांची इच्छा होती. तेवढं भांडवल जमलं असतं तर महाराष्ट्राला एक उत्तम नर्सरीवाला मिळाला असता.

सेवा दल नीट समजून घेतल्याशिवाय हा नट कळत नाही. सेवा दलाचं कलापथक गावोगाव जायचं, देवळासमोर किंवा चावडीपुढे वग, म्हणजे तमाशाच्या ढंगाचं लोकनाट्य, सादर करायचं आणि रात्री कुणाच्या तरी ओसरीवर पथारी पसरायचं. १९५७ च्या निवडणुकीच्या प्रचारासाठी निळूभाऊंनी ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हा वग लिहिला. पुलंच्या ‘पुढारी पाहिजे’मध्ये त्यांनी केलेला रोंगे लोकांच्या लक्षात राहिला. मग शंकर पाटलांचं ‘कथा अकलेच्या कांद्याची’ आलं आणि निळू फुले हे नाव महाराष्ट्रभर झालं. तिथूनच अनंत माने यांनी त्यांना ‘एक गाव बारा भानगडी’त (१९६८) आणलं. त्यातला झेलेअण्णा हा त्यांच्या सिनेमातल्या कारकिर्दीचा आरंभ.

वगात नेपथ्य नसतं, एक गाणारा आणि मागे झील धरणारे झिलकरी. प्रेक्षक हाताच्या अंतरावर. त्याने जांभई दिली की नटाला दिसते. अशा ठिकाणी कधी थांबायचं आणि थांबल्यावर लोकांना किती वेळ ताणून धरायचं हे अंगवळणीच पडतं. निळूभाऊंच्या खलनायकाचे जे थांबे मी वर सांगितले ते त्या वगातून आलेत. विनोदी नटाचं टायमिंग त्यांनी क्रौर्यासाठी वापरलं. म्हणून त्यांच्या दुष्टपणात अधूनमधून हसू येतं, आणि हसून झाल्यावर आपल्याला आपलीच लाज वाटते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. चावडीपुढे वग करणारा सेवा दलाचा पोरगा त्या गावच्या कर्त्या माणसांना खालून बघत असतो. परवानगी कोण देतं, कंदील कोण बंद करायला लावतं, दलितवस्तीतल्या लोकांना कुठं बसवलं जातं, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. पडद्यावर त्यांनी जो चेअरमन रंगवला तो या नजरेने पाहिलेला होता. त्याच्या विरुद्ध बाजूला उभं राहून त्यांनी आयुष्य काढलं आणि म्हणून त्यांना त्याची नस न् नस माहीत होती.

आमच्या वाचक मंडळात वाद झाला. काही जणांचं म्हणणं, ‘सामना’तला हिंदुराव ही त्यांची सर्वश्रेष्ठ भूमिका. मी म्हणालो, ‘सखाराम बाइंडर’. तुमचा कौल कुणाला?
*– एक प्राध्यापक, कोल्हापूर*

सर, या वादात तुम्ही तिसरं नाव घेतलं नाहीत, ‘सिंहासन’मधल्या दिगू टिपणीसाचं. आणि गंमत बघा, तिन्ही नाटककार विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून आलेले. ‘सखाराम बाइंडर’ नाटक १९७२ चं. ‘सामना’ हा सिनेमा १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. ‘सिंहासन’ १९७९ चा, अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्यांवरचा. सात-आठ वर्षांत एका लेखकाने एका नटाला एक रांगडा, एक सत्ताधीश आणि एक साक्षीदार दिला. मराठीत असा योग परत जुळलेला मी पाहिला नाही.

सखाराम मी मुंबईला जाऊन पाहिला. नवऱ्याने टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा, त्यांच्यावर हुकूम गाजवणारा आणि वर ‘मी ढोंग करत नाही’ म्हणून मिरवणारा हा माणूस. सेन्सॉरने नाटक अडवलं, दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि लढून प्रयोग पुन्हा सुरू केले. लालन सारंगांची चंपा आणि निळूभाऊंचा सखाराम समोरासमोर आले की रंगमंचावर हवा तापायची. पहिल्या अंकात नव्या बाईला घराचे नियम सांगणारा सखाराम आठवा. तिथे निळूभाऊंचा आवाज मोठा आहे. मी वर ‘ते ओरडत नाहीत’ म्हणालो, ते त्यांच्या सत्ताधीशांबद्दल. सखारामाजवळ सत्ता नाहीच. एका खोलीपुरतं राज्य आणि छापखान्यातली नोकरी. म्हणून त्याला ओरडावं लागतं. पुढे त्याचा एकेक आधार सुटत जातो तसा तो मोठा आवाज पोकळ होत जातो. निळूभाऊंनी तो प्रवास अंगातून दाखवला, खांदेसुद्धा हळूहळू खाली येत गेलेले.

‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील याच्या बरोबर उलट. दारूने मोडलेला, एके काळी स्वातंत्र्यासाठी लढलेला मास्तर गावात येतो. हिंदुराव त्याचा पाहुणचार करतो, त्याला पाजतो, आपलं साम्राज्य दाखवतो. आणि हा मास्तर सारखा एकच विचारत राहतो, ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ गावात परत आलेला, हिंदुरावाला आडवा गेलेला एक फौजी आणि त्याचं नाहीसं होणं. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर हा प्रश्न विचारतो तेव्हा सगळे लागूंकडे बघतात. तुम्ही पुढच्या वेळी निळूभाऊंकडे बघा. पहिल्यांदा प्रश्न येतो तेव्हा तो त्यांना लागतही नाही. नंतर नंतर प्रश्न येण्याआधीच त्यांच्या चेहऱ्यावर त्याची चाहूल येते. त्यांना मास्तर आवडायलाही लागलेला असतो आणि तोच आपल्याला बुडवणार हेही कळत असतं. धमकी देणारा माणूस आतून खचत जाताना त्यांनी दाखवला, तेही एकदासुद्धा दयेची भीक न मागता. हिंदुराव शेवटी कायद्याच्या हाती लागतो तेव्हा तंबूत टाळ्या पडायच्या नाहीत. लोक गप्प उठायचे. आरती प्रभूंचं ‘कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे’ गुणगुणत जाणारी माणसं मी पाहिली आहेत, तीही जत्रेच्या गर्दीत, पाळण्याच्या आणि पिपाण्यांच्या गोंगाटात.

आणि दिगू टिपणीस. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगारपुढारी, तस्कर असा सगळा बाजार आणि त्यात खिशाला पेन लावून फिरणारा एक वार्ताहर. ज्या नटाने चार-पाच वर्षांपूर्वी हिंदुराव केला तोच आता बाकीच्या हिंदुरावांच्या दालनाबाहेर ताटकळत उभा. दोन्ही सिनेमांचे दिग्दर्शक जब्बार पटेलांनी हे पात्र त्यांना द्यावं यात केवढी सूज्ञता आहे! दिगू फार बोलत नाही, फक्त पाहतो. शेवटी तो वेड लागल्यासारखा हसत सुटतो. निळूभाऊंचं हसू आपण खलनायकाचं म्हणून इतकी वर्षं ऐकलेलं असतं, आणि इथे तोच आवाज आतून फाटल्यासारखा येतो.

तुम्ही कौल मागितलात, तो टाळत नाही. माझा कौल हिंदुरावाला. सखाराम आणखी कुणी करू शकेल, इतर भाषांत इतरांनी केलाही. पण हिंदुरावाच्या जागी मला दुसरा नट डोळ्यांसमोर आणता येत नाही.

जाता जाता, तुमच्या मंडळात जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’ नाटकाचा विषय निघाला नाही याचं मला नवल वाटलं. त्यातले अप्पाजी म्हणजे गांधीवादी म्हातारा, ज्याचा मुलगाच मुख्यमंत्री झालाय. तत्त्वासाठी पोटच्या पोराविरुद्ध उभा राहणारा बाप निळूभाऊंनी केला. त्या भूमिकेवर मंडळात एक बैठक जरूर घ्या.

मला तुमचं कौतुक पटलं नाही. अशा सिनेमांनी बाईवरचा अत्याचार ही करमणूक केली. तंबूत त्या प्रसंगांना शिट्ट्या पडायच्या हे तुम्हीही पाहिलं असेल. मग त्या नटाचा गौरव कशासाठी?
*– एक शिक्षिका, इस्लामपूर*

ताई, शिट्ट्या पडायच्या. मी ऐकल्या आहेत. कित्येक सिनेमांत तो प्रसंग कथेला लागत नसतानाही घातलेला असायचा, कॅमेरा बाईच्या पदरावर रेंगाळायचा आणि पोस्टरवर नेमकं तेच चित्र असायचं. तिकीटविक्रीसाठी ते केलं जात होतं आणि ते घाणेरडंच होतं. याबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही. निळूभाऊंनी तसले सिनेमे नाकारायला हवे होते, असं तुम्ही म्हणालात तरी तो तुमचा अधिकार आहे.

मला एवढंच मांडायचंय, की त्या प्रसंगांतही ते स्वतः प्रेक्षकाला मजा घेऊ देत नसत. त्यांच्या नजरेत लालसेपेक्षा मालकी जास्त असायची. जमीन आपली, विहीर आपली, तशी ही बाईही आपली, असं ते बघणं. शिट्ट्या मारणारी पोरं पुरुषांच्या बाजूला होती. कनातीपलीकडच्या बायका शिट्ट्या मारत नव्हत्या, त्या शापच देत होत्या. त्यांना कळलं होतं की पडद्यावरचं संकट ओळखीचं आहे. सिनेमाबाहेरही खेड्यापाड्यांत बायका निळूभाऊंच्या जवळ जायला कचरायच्या, हे सर्वश्रुत आहे. ज्या माणसाने उभं आयुष्य समतेच्या चळवळीत घातलं, त्याच्यापासून आयाबहिणींनी अंग चोरून जावं, हे त्यांनी वर्षानुवर्षं सोसलं.

आणि त्यांनी पडद्याबाहेर काय केलं तेही या हिशेबात धरा. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते उतरले. पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, त्यात डॉ. लागूंबरोबर निळूभाऊ होते. त्या निधीसाठी नामवंत नटांनी मिळून ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. गावागावांत काम करणाऱ्या कितीतरी कार्यकर्त्यांची चूल या पैशावर पेटली, त्यात बायकांच्या प्रश्नांवर लढणारेही होते. या कामामुळे पडद्यावरचे ते प्रसंग पुसले जात नाहीत, हे मान्य. तुमचा आक्षेप छापला पाहिजे म्हणून मी संपादकांना मुद्दाम सांगितलं.

त्यांनी हिंदीतही काम केलं ना? कोणते सिनेमे?
*– एक वाचक, ठाणे*

केलं. ‘कुली’ (१९८३), ‘मशाल’ (१९८४) वगैरे. पण बघायचाच तर ‘सारांश’ (१९८४) बघा. महेश भट्टांचा. मुलगा गमावलेला निवृत्त मुख्याध्यापक आणि त्याची बायको, अनुपम खेर आणि रोहिणी हट्टंगडी. त्यांच्या घरात राहणारी मुलगी गरोदर आहे आणि बाप आहे पुढारी गजानन चित्रे यांचा मुलगा. चित्रे म्हणजे निळूभाऊ. हिंदुराव मुंबईत राहायला आला तर कसा वागेल, ते इथे दिसतं. हिंदी त्यांच्या तोंडात मराठी वळणाचीच राहते आणि त्यामुळे तो पुढारी जास्त खरा वाटतो. मात्र हिंदीवाल्यांना या माणसाचं काय करायचं हे एरवी फारसं उमगलं नाही. त्यांना आरडाओरडा करणारा खलनायक हवा होता.

निळू फुले मोठे की सदाशिव अमरापूरकर?
*– एक वाचक, अहिल्यानगर*

तुमच्या गावचा अभिमान मला समजतो. १९८३ मध्ये ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी पडद्यावर आला तेव्हा मीही थक्क झालो होतो. त्यानंतर ‘सडक’मधली महाराणी. अमरापूरकरांनी हिंदीत स्वतःची अशी एक तऱ्हा रूढ केली, त्यासाठी फिल्मफेअरही मिळवलं आणि तेही पडद्याबाहेर चळवळीतले होते. रामा शेट्टीसुद्धा बसूनच बोलतो, आवाज चढवत नाही. ती वाट मराठीत आधी निळूभाऊंनी मळून ठेवली होती, एवढंच मी म्हणेन. लहानमोठं ठरवायला मला आवडत नाही. दोघेही लवकर गेल्यासारखे वाटतात. निळूभाऊ १३ जुलै २००९ ला पुण्यात, अमरापूरकर ३ नोव्हेंबर २०१४ ला.

राज्य नाट्यस्पर्धेत आमच्या संस्थेच्या नाटकात मला सरपंचाची भूमिका आहे, खलनायकी. दिग्दर्शक म्हणतात ‘निळू फुले कर’. मी मिशा लावून, आवाज घोगरा करून पाहिला, पण सगळे हसले. काय करू?
*– एक हौशी नट, परभणी*

दादा, पहिल्यांदा मिशा काढा. मग घोगरा आवाज सोडा, तो त्यांचा होता, तुमचा जो आहे तोच ठेवा.

‘सामना’ आणा आणि एकदा आवाज बंद करून पाहा. फक्त हिंदुरावाचे हात बघा. ते हात कधी घाई करत नाहीत. मग दुसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून नुसता आवाज ऐका, आणि तो वाक्यात कुठे थांबतो ते आपल्या संहितेत पेन्सिलीने खुणा करून ठेवा. त्या खुणा आपल्या वाक्यांवर तशाच्या तशा उतरवू नका. तुमच्या सरपंचाला कोणत्या शब्दाआधी विचार करावा लागतो ते शोधा आणि तिथेच थांबा.

त्यानंतर गावातल्या एखाद्या सोसायटीच्या किंवा पतपेढीच्या कार्यालयात कर्जमंजुरीच्या दिवशी बाकावर जाऊन बसा. कुणाशी बोलू नका. अर्ज घेऊन आलेला माणूस कसा उभा राहतो आणि टेबलापलीकडचा वर न बघता कागद कसा सरकवतो, तेवढं पाहून या. तालमीत पहिले चार दिवस तुमची वाक्यं अगदी सपाट, बाजारभाव विचारावा तशी म्हणा. धमकी समोरच्या नटाला आपोआप ऐकू यायला लागली की दिग्दर्शकाला सांगा, आता बसवू या. प्रयोग कधी आहे ते कळवा, परभणीला येणं जमवतो.